सांगावे की झाकावे?

कापसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या आदिलाबादचे रूप पालटते. बेला, जैनद, तामसी या बाजूंनी ट्रॅक्टर आणि मालमोटारी मार्केट यार्डाची वाट धरतात. जिनिंग कारखान्यांतील यंत्रांची घरघर रात्री उशिरापर्यंत ऐकू येते आणि रस्त्याकडेच्या झाडांना कापसाचे पुंजके लटकून राहतात. अशाच दिवसांत एका रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, एक तरुण आमच्या ओसरीवर येऊन बसला. वय असेल पंचवीस-सव्वीस. एका जिनिंग कारखान्याच्या कचेरीत तो कारकून आहे. इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्यावर त्याने मान खाली घालून विचारले, "फादर, माणसाला चोर म्हटलेलं बरं, की मंदबुद्धी म्हटलेलं?"

प्रश्न ऐकून आम्ही चमकलो. हकीकत अशी होती. काट्यावरून येणारे वजनाचे आकडे संगणकात भरणे हे त्याचे काम. गर्दीच्या दिवशी चिठ्ठी मागाहून येई आणि आकडा आधी ओरडून सांगितला जाई. एका व्यापाऱ्याच्या मालमोटारीचे वजन अडुसष्ट क्विंटल भरले. आमच्या या तरुणाने लिहिले ८६. अठरा क्विंटलांचा फरक म्हणजे त्या वेळच्या भावाने लाखाहून अधिक रकमेची बाब. पैसे चुकते होण्याआधी चूक सापडली, म्हणून नुकसान टळले. संशय मात्र टळला नाही. व्यापाऱ्याशी याचे संगनमत असावे, असे मुनीमजींनी मालकाच्या कानी घातले. मालकाने आठ दिवसांची मुदत दिली : चूक कशी झाली ते सांग, नाहीतर घरी बस.

चूक कशी झाली ते त्याला पक्के ठाऊक होते. तीन वर्षांपूर्वी नागपूरला शिकत असता तेथील एका तज्ज्ञ बाईंनी त्याची रीतसर तपासणी करून लेखी अहवाल दिला होता. त्याची बुद्धी उत्तम, परंतु अक्षरे व अंक यांचा क्रम वाचताना-लिहिताना उलटसुलट होतो. याला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात, असे त्यात नमूद होते. तो कागद त्याने ट्रंकेच्या तळाशी घालून ठेवला. घरात एकट्या आईला ठाऊक. आईने बजावले होते, "कोणापाशी बोलू नकोस. बहिणीच्या लग्नाची बोलणी चालली आहेत. भाऊ असा, तर बहीण कशी असेल, असं लोक विचारतील."

म्हणजे बोलला तर 'डोक्याने अधू' हा शिक्का, आणि न बोलला तर 'लबाड' हा शिक्का. त्याच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील वगळून, आम्ही ही हकीकत येथे दिली आहे. कारण आपल्या कुटुंबांतून असे तरुण-तरुणी पुष्कळ आहेत आणि हा प्रश्न त्यांना कधी ना कधी पडतोच. आपल्या मेंदूच्या घडणीतील वेगळेपण कामाच्या ठिकाणी सांगावे की झाकावे? आणि सांगायचेच ठरले, तर कसे, कोणाला व किती?

हा आजार नव्हे, आळसही नव्हे

प्रथम हे वेगळेपण म्हणजे काय, ते पाहू. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी तेथील वैद्यकीय नियतकालिकात पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, खेळांत तरबेज, दृष्टी उत्तम. परंतु वर्षानुवर्षे शिकवूनही त्याला वाचता येईना. त्याच्या शिक्षकांचे मत असे पडले की, सारे शिक्षण तोंडी असते तर हाच मुलगा शाळेत पहिला आला असता. आज ज्याला डिस्लेक्सिया म्हणतात त्याचे हे एक आरंभीचे वर्णन होय. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी या मुलांना आळशी म्हणण्याची आपली खोड काही गेलेली नाही.

डिस्लेक्सिया हे या वेगळेपणाचे एक रूप. कोणाची अडचण अंकांपुरती असते. कोणी स्वमग्न असतो : त्याला समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलणे जड जाते, गोंगाट व लखलखाट सोसत नाही, ठरलेला क्रम मोडला की जीव कासावीस होतो, परंतु आवडीच्या विषयात त्याचे लक्ष व नेटकेपणा थक्क करणारा असतो. कोणाचे अवधान एका जागी ठरत नाही. कामे सुरू होतात दहा आणि पुरी होतात तीन. या सर्वांस मिळून मेंदूच्या घडणीतील विविधता मानावे, उणेपणा मानू नये, हा विचार १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून जगात पुढे आला. प्रथम तो स्वमग्न माणसांनी स्वतःच मांडला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अर्थात अडचण खरीच असते. शब्द बदलल्याने ती नाहीशी होत नाही. परंतु ती अडचण माणसात किती आणि त्याच्या भोवतालच्या रचनेत किती, हा प्रश्न त्यामुळे निर्माण झाला.

आमच्या जिल्ह्यात या प्रश्नाला एक निराळा पदर आहे. १९५६ पर्यंत आदिलाबाद हैदराबाद राज्यात होते, मग आंध्र प्रदेशात गेले आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात आहे. राज्ये बदलली, पण पैनगंगेच्या अलीकडच्या कितीतरी घरांतील बोली मराठीच राहिली. येथील मूल घरी मराठी बोलते, शेजारी गोंडी ऐकते, कचेरीत तेलुगू वाचते, बाजारात हिंदी-उर्दू बोलते आणि संगणकावर इंग्रजी लिहिते. एवढ्या लिप्या सांभाळणे सर्वसामान्य मेंदूलाही सोपे नाही. ज्याला एका लिपीतच अक्षरांचा क्रम लावताना कष्ट पडतात, त्याची काय अवस्था होत असेल? आणि आपण म्हणतो, "तेलुगूत कच्चा आहे, मराठी माध्यमातला ना!" मूळ अडचण अशी भाषेच्या पदराआड लपून जाते.

आता अडुसष्टचे ८६ कसे होतात, तेही पाहा. मराठीत आपण आधी आठ म्हणतो, मग साठ. लिहिताना मात्र आधी सहा, मग आठ. तेलुगूत आणि इंग्रजीत जसे बोलतात तसेच लिहितात. बालभारतीने २०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पासष्ट' बरोबर 'साठ पाच' असेही वाचन सुचविले, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले होते! गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या वेळी हेच समजावून सांगितले की, जोडाक्षरांनी भरलेल्या आणि उलट क्रमाने उच्चारल्या जाणाऱ्या संख्यांनी लहान मुले गोंधळतात. जे सर्वसाधारण मुलांना जड, ते आमच्या तरुणाला किती पटींनी जड असेल, हे निराळे सांगावयास नको.

येथे आम्हांला आमचीही एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका वसतिगृहाची जबाबदारी आमच्याकडे होती. तेथे एक मुलगा होता. पाठांतरात पहिला, पेटी वाजवण्यात पहिला, आणि फळ्यावरचे वहीत उतरवण्यात शेवटचा. आम्ही त्याला आळशी ठरविले. संध्याकाळच्या खेळाच्या तासाला त्याला वर्गात बसवून तेच पान दहा-दहा वेळा लिहावयास लावले. सुधारेल, अशी आमची समजूत. नववीत असता तो शाळा सोडून गेला. आमचा हेतू वाईट नव्हता. परंतु लंगड्या माणसाला धावण्याची शिक्षा द्यावी, तसे ते झाले. तो मुलगा आज कोठे आहे, आम्हांस ठाऊक नाही. ओसरीवरच्या तरुणाशी बोलताना तोच आमच्या डोळ्यांपुढे उभा होता.

कायदा काय म्हणतो?

या बाबतीत कायदा बराच पुढे गेलेला आहे, आणि आपण तो जाणून घेतला पाहिजे. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सातच प्रकारांची नोंद होती. स्वमग्नतेला किंवा अध्ययन अक्षमतेला त्यात स्थान नव्हते. दिव्यांगांच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांचा जो करार डिसेंबर २००६ मध्ये संमत झाला, त्यास भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. आणि त्याला अनुसरून दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम २०१६ साली होऊन १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात २१ प्रकार आहेत आणि स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता हे त्यांत नावाने आहेत. अवधान न टिकण्याचा प्रकार मात्र नावाने आलेला नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

या कायद्याचा गाभा 'वाजवी सोय' या दोन शब्दांत आहे. एखाद्या माणसाला इतरांच्या बरोबरीने काम करता यावे म्हणून कामाच्या पद्धतीत किंवा जागेत जो आवश्यक व योग्य बदल करता येतो, तो म्हणजे वाजवी सोय. मात्र त्याचा मालकावर अवाजवी बोजा पडता कामा नये. अशी सोय नाकारणे हा भेदभावाचाच एक प्रकार आहे, असे कायदा म्हणतो. सरकारी आस्थापनांवर ही सोय देण्याचे बंधन स्पष्ट शब्दांत घातलेले आहे. खासगी आस्थापनांनीही समान संधीचे धोरण जाहीर केले पाहिजे. आणि जेथे वीस किंवा अधिक माणसे कामास आहेत, तेथे या कामी एक संपर्क अधिकारी नेमला पाहिजे, असे २०१७ चे नियम सांगतात. आपल्या भागातील किती कारखानदारांनी हा नियम वाचला असेल, असा प्रश्न मनात येतो. परंतु मालकाने वाचला नाही म्हणून नियम रद्द होत नाही.

सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव आहेत. त्यांपैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध अक्षमता यांच्यासाठी आहे. या राखीव जागांसाठी किमान चाळीस टक्के अक्षमतेचे प्रमाणपत्र लागते. येथेच पुष्कळांचा गैरसमज होतो. चाळीस टक्के नसतील तर आपल्याला काहीच मिळणार नाही, असे त्यांना वाटते. तसे नाही. विकाश कुमार या उमेदवाराला हाताला पेटके येऊन लिहिणे अशक्य होई. त्याची अक्षमता अवघी सहा टक्के ठरली, म्हणून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत त्याला लेखनिक नाकारण्यात आला. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. राखीव जागा ही एक गोष्ट आणि वाजवी सोय ही दुसरी. दुसरीसाठी चाळीस टक्क्यांची अट घालता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले.

त्याच वर्षी १७ डिसेंबरला केंद्रीय राखीव पोलीस दलातील अधिकारी रविंदर कुमार धारिवाल यांच्या खटल्याचा निकाल लागला. मानसिक व्याधीने ग्रासलेल्या माणसावर, त्या व्याधीतून घडलेल्या वर्तनाबद्दल, शिस्तभंगाची कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव होय, असे न्यायालयाने म्हटले. व्याधी निराळी असली तरी आमच्या तरुणाच्या प्रश्नाशी याचा जवळचा संबंध आहे : ज्याला आपण वर्तनदोष समजतो, तो खरोखर दोष आहे की घडणीचा परिणाम, हे आधी पाहिले पाहिजे.

आणि आपल्याच तेलंगणातील गोष्ट घ्या. राज्याच्या परिवहन महामंडळात २०१४ साली लागलेला एक चालक पुढे रंगांध आढळला. त्याला नोकरीतून काढण्यात आले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. गाडी चालवता येत नसेल तर दुसरे योग्य काम शोधून देणे हे मालकाचे कर्तव्य आहे, प्रयत्नही न करता त्याला घरी पाठविता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. रंगांधता ही मेंदूच्या घडणीची बाब नव्हे, हे खरे. पण तत्त्व तेच.

गप्प बसणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे

कायदा असा असूनही सांगावे की न सांगावे, हा निर्णय ज्याचा त्यानेच करावयाचा आहे. स्वतःविषयीची ही माहिती मालकाला दिलीच पाहिजे, असे कोणतेही सरसकट बंधन कामगारावर नाही. आमच्या तरुणाच्या मनाला आणखी एक गोष्ट खात होती. "इतकी वर्षं मी लपवलं, फादर. म्हणजे मी फसवलंच ना?" नाही. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना एक भेद आम्हांला पक्का शिकविला गेला, तो येथे उपयोगी पडतो. ज्याला जे जाणण्याचा हक्क नाही, त्याला ते न सांगणे हे मौन होय; जे नाही ते आहे म्हणून सांगणे हे असत्य होय. मौन हा माणसाचा हक्क आहे. परंतु अर्जात सरळ प्रश्न विचारला असता खोटे उत्तर लिहू नये. त्याने पुढे आपलाच पाय गाळात रुततो. तसेच ज्या कामात आपल्या अडचणीमुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका संभवतो, तेथे मौनाचा हक्क संपतो.

मग सांगण्याची वेळ कोणती? आमच्या मते साधी कसोटी अशी : न सांगितल्याने होणारे नुकसान हे सांगितल्याने होणाऱ्या नुकसानाहून अधिक होऊ लागले, की सांगावे. काम सुरळीत चालले असेल, स्वतःच काढलेल्या युक्त्यांनी भागत असेल, तर गावभर बोलण्याचे कारण नाही. परंतु रोज दोन तास अधिक बसून, रात्र रात्र जागून चुका झाकाव्या लागत असतील, तर ते ओझे फार काळ पेलत नाही. आणि शक्य तर मोठी चूक होण्याआधी सांगावे. आधी सांगितले तर ऐकणारा ती माहिती म्हणून ऐकतो. चुकीनंतर सांगितले तर त्याला ती सबब वाटते. आमच्या तरुणाला उशीर झाला होता, पण उशिरा सांगणेही चोरीचा आळ घेऊन जाण्यापेक्षा शतपटीने बरे.

कोणाला सांगावे? ज्याच्या हाती बदल करण्याचा अधिकार आहे, त्याला. सहकाऱ्यांना सांगणे हा मैत्रीचा भाग आहे, कर्तव्याचा नव्हे. किती सांगावे? अडचण व उपाय यांपुरते. बालपणाचा इतिहास, घरच्यांचे तपशील, औषधे यांची उठाठेव करण्याचे कारण नाही. कसे सांगावे? एकांतात, थोडक्यात, आणि मग एका साध्या अर्जात लिहून, त्याची एक प्रत आपल्यापाशी ठेवून. अर्जात तीन गोष्टी असाव्यात : मला काय अडते, काय केल्याने ते अडणार नाही, आणि त्यामुळे कामाचा काय लाभ होईल. 'मला त्रास आहे, सांभाळून घ्या' असे लिहू नये. सांभाळून घेणे ही मेहेरबानी झाली. आज आहे, उद्या नाही. आपण मागतो ती सोय.

त्या रात्री आम्ही दोघांनी बसून जो मजकूर तयार केला, तो जवळजवळ असा होता : "मला अंकांचा क्रम ऐकून लिहिताना अडचण होते. तज्ज्ञांचा तसा लेखी अहवाल माझ्यापाशी आहे, आपण पाहू शकता. माझी बुद्धी व हिशेबाचे ज्ञान यांत उणीव नाही. काट्यावरील छापील चिठ्ठी हाती आल्यावरच मी नोंद करावी, आणि आकडा सांगावयाचाच झाल्यास एकेक अंक सुटा सांगावा, अशी विनंती आहे. दिवसाअखेर नोंदी दुसऱ्या कोणी ताडून पाहाव्यात. यामुळे माझ्याच नव्हे, कोणाच्याही चुका राहणार नाहीत."

तपासणी व प्रमाणपत्र यांविषयी दोन शब्द. प्रमाणपत्र सरकारी वैद्यकीय मंडळाकडून मिळते आणि त्याबरोबर दिव्यांगांचे विशिष्ट ओळखपत्र काढता येते. आदिलाबादेत रिम्स या नावाने ओळखले जाणारे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. तेथे चौकशीस आरंभ करावा. मुलांच्या बाबतीत जितके लवकर तितके बरे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली भारतीय भाषांतील मुलांसाठी डिस्लेक्सिया ओळखण्याची साधने तयार केली. प्रारंभीच्या चार भाषांत हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीही होती. मुलाची परीक्षा त्याच्या घरच्या भाषेत व्हावी असा आग्रह पालकांनी धरावा, नाहीतर तेलुगूतील कच्चेपणा आणि मेंदूचे वेगळेपण यांची गल्लत होते.

मालकांस विनंती

आमच्या वाचकांत दुकानदार आहेत, कारखानदार आहेत, शाळांचे मुख्याध्यापक आहेत. त्यांस आमची विनंती आहे. वाजवी सोय म्हटले की खर्चाचे आकडे डोळ्यांपुढे नाचू लागतात. परंतु या प्रकारच्या माणसांना जे लागते त्याला बहुधा पैसा पडतच नाही. तोंडी हुकमाऐवजी लिहून दिलेली चार ओळींची सूचना. एका वेळी एकच काम. यंत्राजवळची खुर्ची उचलून कोपऱ्यात ठेवणे. उद्या पाळी बदलणार असेल तर आज सांगणे. कानांत बोळे घालण्याची परवानगी. मुलाखतीत डोळ्यांत डोळे घालून बोलला नाही म्हणून नापास न करता, प्रत्यक्ष काम करून दाखवावयास सांगणे. आणि जे सांगितले गेले ते आपल्यापाशीच ठेवणे, ही सर्वांत मोठी सोय. सांगणारा माणूस आपली अब्रू तुमच्या हाती ठेवीत असतो. ती चहाच्या टपरीवर उधळू नये.

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे एक छोटे गाव आहे. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली स्वमग्नतेचे जे पहिले सविस्तर वर्णन केले, त्यातील अकरा मुलांपैकी पहिला मुलगा, डोनाल्ड ट्रिपलेट, या गावचा. लहानपणी त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले होते. आईवडिलांनी वर्षभराने त्याला परत आणले. पुढे तो महाविद्यालयात शिकला आणि त्याने अनेक दशके गावच्या बँकेत नोकरी केली. आकड्यांची त्याला विलक्षण आवड होती. गावाला त्याचे वागणे ठाऊक होते, आणि गावाने ते आपलेसे केले. जून २०२३ मध्ये, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी तो वारला. त्या बँकेत त्याच्या घराण्याची मालकी होती, ही गोष्टही लपवू नये. प्रत्येकाच्या घरी बँक नसते. परंतु म्हणूनच कायदा लागतो, आणि कायदा पोहोचत नाही तेथे शेजार लागतो.

पुढे काय झाले?

सोमवारी तो तरुण अर्ज व अहवाल घेऊन मालकापुढे उभा राहिला. मालकाने कागद दोनदा वाचला. मुनीमजी म्हणाले, "आकडे उलटे दिसतात म्हणे! मग पगाराचा आकडा कसा सुलटा दिसतो?" मालक हसले नाहीत. त्यांनी मागील दोन हंगामांच्या नोंदी काढावयास सांगितल्या. त्यांत आणखी पाच-सहा उलटे आकडे निघाले : कधी कारखान्याच्या तोट्याचे, कधी फायद्याचे. लबाडी करणारा माणूस आपल्या धन्याचा फायदा करून देत नाही. आळ त्या कागदानेच दूर केला असे नव्हे. कागदाने एवढेच केले की मालकाला शोधावे कोठे ते कळले.

आता चिठ्ठी आल्यावाचून नोंद होत नाही. काटेवाला ओरडतो तेव्हा "अडुसष्ट" म्हणत नाही, "सहा, आठ" म्हणतो. गंमत अशी की त्यामुळे तेलुगू बोलणाऱ्या हमालांचाही गोंधळ थांबला. सारेच गोड झाले आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. रोखपाल अजून त्याला एका टोपणनावाने हाक मारतो, ते आम्ही येथे छापणार नाही. आई काही दिवस त्याच्याशी बोलली नाही. बहिणीची बोलणी अजून चालू आहेत. मुलाकडच्यांना सांगावे की नाही, यावर घरात दोन मते आहेत.

त्या आईला आम्ही दोष देत नाही. तिने जे झाकले ते लाजेपोटी कमी आणि मायेपोटी अधिक. पण वाचकहो, तिला झाकावे लागले ते कोणामुळे? आपणच लग्नाच्या बैठकीत कुजबुजतो, आपणच वर्गातल्या मुलाला 'ढ' म्हणतो, आपणच वेगळ्या माणसाला पाहून बोट कानशिलाशी फिरवतो. सांगावे की झाकावे, हा प्रश्न त्या तरुणापुढे आपण टाकलेला आहे. आपल्या घरी, आपल्या दुकानी, आपल्या शाळेत जर कोणी उद्या असा कागद घेऊन आला, तर तो नीट वाचावा, आणि "तुला काय लागेल?" एवढेच विचारावे.

गेल्या रविवारी तो पुन्हा ओसरीवर आला होता. आम्ही विचारले, "काय रे बाळ, कसं चाललंय?" तो म्हणाला, "फादर, तो अहवाल आता ट्रंकेत नाही. टेबलाच्या खणात आहे."